आमच्या लिनक्सवर स्क्रॅच कसं आलं



मागे आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी शेजारच्या शाळेतल्या एका सरांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या शाळेत लिनक्स टाकलंय म्हणे. मग मुलांना स्क्रॅच कशावर शिकवता? ते तर लिनक्सवर येत नाही." मी म्हटलं, "सर, येतं. पण आपोआप येत नाही, आणावं लागतं." ते हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण ते आणताना एका मुलीपुढे मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली होती. चहा संपेपर्यंत सांगून होण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पालकांसाठी आधी थोडं. स्क्रॅच म्हणजे मुलांनी स्वतः गोष्टी, चलचित्रं, खेळ तयार करायचं सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते बनवलं आणि २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. यात कोड टाइप करावा लागत नाही. रंगीत ठोकळे एकात एक अडकवायचे. 'दहा पावलं चल', 'हा आवाज वाजव', 'एक सेकंद थांब'. ठोकळे जुळले की पडद्यावरचं चित्र तसं वागतं. स्वतःचं चित्र काढता येतं, स्वतःचा आवाज भरता येतो. मला विचाराल तर हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

आमची शाळा बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली, जिल्हा परिषदेची. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे जावंच लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुलं काही सोबत जातात, काही आजी-आजोबांजवळ मागे राहतात. मागे राहावीत म्हणून आम्ही शिक्षक दरवर्षी घरोघर फिरतो.

संगणक आमच्याकडे पाच. पुण्यात नोकरी करणाऱ्या गावच्या पोरांनी जुने डेस्कटॉप गोळा करून दिलेले. चार कोअर टू ड्युओ, दोन-दोन जीबी रॅमचे, आणि एक त्याहूनही म्हातारं. त्यांवर विंडोज होतं, पण विकत घेतलेलं नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात 'ऍक्टिव्हेट करा' अशी पाटी कायम. चालू करून प्रार्थना, परिपाठ उरकून यावं तेव्हा कुठे माउस हलायला लागायचा. त्यात पेनड्राइव्हचा व्हायरस. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल: सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट होतात आणि आतलं काही दिसत नाही. असल्या मशीनवरही मुलं स्क्रॅच करायची. एक ठोकळा ओढला की तो सरकेपर्यंत वाट पाहायची. मुलांचा धीर आपल्यापेक्षा मोठा असतो.

सप्टेंबर २०२२ ची गोष्ट. सहावीतल्या एका मुलीने (नाव देत नाही) स्क्रॅचमध्ये ट्रॅक्टर काढला. मागे दोन ट्रॉल्या. पडद्यावर रस्ता, आणि ट्रॅक्टर एकेका गावाला थांबत पुढे जाणार: जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर. दरवर्षी तिचे आईवडील जातात तो रस्ता. ती तेव्हा सोबत जायची, या वर्षी पहिल्यांदाच आजीजवळ राहणार होती. तिची कल्पना अशी की प्रत्येक गावी ट्रॅक्टर थांबला की आईने त्या गावाचं काहीतरी सांगायचं. आई एक दिवस दुपारी शाळेत आली, डोक्यावरचा पदर सावरत माइकपुढे बसली. "काय बोलू मॅडम, मला काय येतंय," असं म्हणता म्हणता चार वेळा बोलली. कुठे चहा प्यायलो, कुठे पाऊस लागला, कुठे ही लहान असताना तापाने फणफणली होती. मुलीने चारही तुकडे भरले. दसऱ्यानंतर टोळी गेली.

आणि दिवाळीच्या सुट्टीत मी पाचही मशीनवरून विंडोज पुसून लिनक्स टाकलं.

माझ्या निर्णयात चूक नव्हती असं मला अजूनही वाटतं. लिनक्स फुकट आणि कायदेशीर, पेनड्राइव्हचा तो व्हायरस त्याला काही करू शकत नाही आणि जुन्या मशीनवर ते चांगलं पळतं. केरळात काईट ही सरकारी संस्था शाळांना उबंटूवर आधारलेली तयार प्रणाली देते, लागणारी सॉफ्टवेअर आधीच बसवून. ते वाचून मला हुरूप आला होता. मी चार मशीनवर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती टाकली. पाचवं मशीन ३२ बिटचं, त्याच्यावर दुसरं एक जुन्या मशीनला चालणारं लिनक्स. मुलांच्या फाइली आधी पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या, तेवढी अक्कल होती. पण त्या फाइली नव्या मशीनवर उघडतात का, हे पुसण्याआधी बघायची अक्कल नव्हती. माझी चूक ती.

सुट्टीनंतर मुलं आली. मशीन मिनिटभरात चालू होतंय म्हटल्यावर टाळ्याच पडल्या. टक्स पेंट, जीकॉम्प्रिस ही लहान मुलांची सॉफ्टवेअर लिनक्सच्या भांडारातून सहज मिळाली, पहिली-दुसरी त्यात रमली. भांडार म्हणजे प्ले स्टोअरसारखंच. नाव शोधायचं आणि बटण दाबायचं. तिथे स्क्रॅचही दिसलं. मी खूश होऊन बसवलं. मुलीने पेनड्राइव्ह लावला, फाइल शोधायला लागली. फाइल दिसेचना. दुसऱ्या मार्गाने उघडून पाहिली, उघडेना.

"मॅडम, मायचा आवाज गेला का?"

मी म्हटलं, नाही गं, आहे इथेच. पण मला खात्री नव्हती. आई टोळीसोबत कुठल्या तरी कारखान्याच्या फडात होती, कोपीत राहत होती. पुन्हा रेकॉर्ड करायचं म्हणजे मार्च-एप्रिल उजाडणार.

आता यात काय झालं होतं ते नीट सांगते, म्हणजे तुमच्यावर ही वेळ येणार नाही. भांडारात मिळालेलं स्क्रॅच हे १.४ होतं, म्हणजे २००९ सालचं. त्याची फाइल .एसबी. पुढे २०१३ मध्ये स्क्रॅच २ आलं, त्याची फाइल .एसबी२. आणि जानेवारी २०१९ मध्ये स्क्रॅच ३, त्याची .एसबी३. आमच्या मुलांच्या फाइली तिसऱ्या प्रकारच्या. दहा वर्षं जुन्या सॉफ्टवेअरला त्या कशा कळणार? सहावीचं पुस्तक पहिलीच्या मुलाला वाचायला दिल्यासारखं ते.

मग भांडारात एवढं जुनं का पडलं होतं? मी दोन-तीन रात्री हेच वाचत बसले. १.४ हे स्क्वीक नावाच्या एका मोकळ्या प्रणालीवर बांधलेलं होतं, ती लिनक्सवर चालायची, त्यामुळे ते भांडारात गेलं. स्क्रॅच २ मात्र फ्लॅशमध्ये लिहिलेलं. इंटरनेटशिवाय चालणारी त्याची आवृत्ती अडोबी एअर नावाच्या पायावर उभी होती, आणि त्या कंपनीने लिनक्ससाठी एअर काढणं २०११ मध्येच थांबवलं होतं. म्हणजे घर बांधायच्या आधीच जमीन गेलेली. स्क्रॅच ३ पुन्हा मोकळ्या तंत्रावर आलं, ब्राउझर ज्यावर चालतात त्याच. ते लिनक्सवर चालायला तशी अडचण काहीच नाही. पण त्यांच्या डाउनलोडच्या पानावर विंडोज होतं, मॅक होतं, क्रोमबुक, अँड्रॉइड होतं. लिनक्स नव्हतं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी वेगळं मिळत होतं, आणि पाय हेही लिनक्सच. पण त्याचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा. आपल्या डेस्कटॉपला ते लागू नाही.

मला आधी राग आला. मग हळूहळू लक्षात आलं की लिनक्स हे एक नाहीये. कुणाचं मिंट, कुणाचं फेडोरा, कुणाचं आणखी काही. प्रत्येकाची सॉफ्टवेअर बसवायची पद्धत निराळी. एखादं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी बांधून, तपासून, दर नव्या आवृत्तीला पुन्हा तपासून द्यायचं तर ते काम कुणीतरी नेमाने करावं लागतं. चित्रकलेचं, ऍनिमेशनचं, संगीताचं सॉफ्टवेअर वापरणारे आधीच थोडे, त्यातले डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे आणखी थोडे. मग हे काम उरतं हौशी माणसांवर. रात्री जेवणं झाल्यावर, फुकटात. आपल्याकडे शाळेची वीज गेली की कुणीतरी पालक खांबावर चढतो ना, तसंच काहीसं.

तर माझे प्रयत्न. पहिला, वाईन. दारू नव्हे हो, वाईन हे विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायचा प्रयत्न करणारं सॉफ्टवेअर आहे. त्यावर स्क्रॅचची विंडोज आवृत्ती टाकली. एक पांढरी खिडकी उघडली आणि पांढरीच राहिली. दोन जीबीच्या मशीनवर दुसरं काय होणार. एक संध्याकाळ त्यात गेली.

दुसऱ्या रात्री एक गोष्ट कळली आणि मी अक्षरशः उठून बसले. .एसबी३ ही खरी तर झिप फाइल असते. कॉपी करून शेवटचं नाव बदलून .झिप करा आणि उघडा. आत मुलांची चित्रं सुटी सुटी, आवाज सुटे सुटे, आणि ठोकळ्यांची सगळी माहिती लिहिलेली एक फाइल. चित्रांना आणि आवाजांना नावं मात्र विचित्र: अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. त्यात शेवटी .वेव्ह लिहिलेल्या पाच फाइली दिसल्या. पहिली वाजवली, ट्रॅक्टरचा आवाज. पोरीने तोंडाने काढलेला, भुर्रर्र. दुसरी वाजवली.

दुसऱ्या दिवशी परिपाठाआधी मी तिला ऑफिसात बोलावलं आणि माझ्या फोनवर ते चार तुकडे ऐकवले. तिने चारही ऐकले, फोन परत दिला आणि म्हणाली, "पण ट्रॅक्टर?"

बरोबरच होतं तिचं. तिने आवाज नव्हता केला, गोष्ट केली होती. आवाज तर आईचा. तिचं काम होतं ते थांबणं, ते निघणं, करमाळ्याला पाऊस लागल्यावर पडणारे निळे थेंब. (फोनवर स्क्रॅचच्या संकेतस्थळावर ती फाइल चढवली असती तर ट्रॅक्टरही दिसला असता. तेव्हा सुचलं नाही. आणि शाळेत नेटवर्क येतं ते ऑफिसच्या एका खिडकीत, तेही वारा असेल तसं. सगळ्या वर्गाचं काम त्यावर चालणार नव्हतं.)

शेवटी जे चाललं ते टर्बोवार्प. स्क्रॅच ३ चा कोड खुला असल्यामुळे तो घेऊन स्वतंत्रपणे बनवलेलं हे सॉफ्टवेअर आहे. दिसायला जवळजवळ स्क्रॅचच, ठोकळे तेच, फाइल तीच .एसबी३. आणि यांच्या पानावर लिनक्ससाठी सरळ डाउनलोड आहे. आणखी एक फायदा मला आधी माहीत नव्हता. स्क्रॅच प्रत्येक ठोकळा वाचत वाचत चालतं, टर्बोवार्प आधी सगळे ठोकळे जावास्क्रिप्टमध्ये बदलून घेतं आणि मग चालवतं. त्यामुळे जुन्या मशीनवर ते जास्त वेगाने पळतं. आमच्यासारख्यांना हे सोन्याहून पिवळं.

लिनक्ससाठी ते तीन-चार प्रकारे मिळतं. मिंट किंवा उबंटू असेल तर .डेब फाइल घ्या. ती आपल्या ओळखीच्या सेटअपसारखी, डबल क्लिक करून बसवायची. ऍपइमेज नावाचा प्रकार बसवावाच लागत नाही, एका फाइलला 'चालवायची परवानगी' दिली की झालं. पण काही लिनक्सवर त्यासाठी एक जादा तुकडा टाकावा लागतो. फ्लॅटपॅकही चांगलं, पण सोबत मोठा पाया उतरवून घ्यावा लागतो, तो खिडकीतल्या नेटवर्कवर शक्य नाही. मी शनिवारी तालुक्याला जाऊन .डेब फाइल पेनड्राइव्हवर आणली. बसवताना त्याने आणखी दोन बारीक तुकडे मागितले, ते फोनच्या हॉटस्पॉटवरून घेतले. पहिल्या मशीनला पाऊण तास लागला, बाकीच्या तीन मशीनना मिळून तेवढाच.

पाचव्या मशीनवर ते चाललं नाही, चालणारही नाही. ज्या पायावर ही सॉफ्टवेअर उभी असतात त्याने ३२ बिट लिनक्सला सोडून दिलंय. तिथे जुनं १.४ आणि टक्स पेंट ठेवलंय. दुसरीची मुलं त्यावर खूश आहेत, त्यांना फरक माहीत नाही.

मुलीने फाइल उघडली. हिरवा झेंडा दाबला. ट्रॅक्टर निघाला, जामखेडला थांबला आणि... काही नाही. आवाजच नाही. त्या क्षणी मला रडूच यायचं बाकी होतं. पण हे साधं निघालं: लिनक्सच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये आउटपुट दुसरंच निवडलेलं होतं. ते बदललं. स्पीकर मागच्या भोकात घातला. पुन्हा झेंडा. या वेळी जामखेडला तिची आई बोलली आणि सगळा वर्ग त्या एका मशीनभोवती गोळा झाला. त्यातल्या निम्म्यांच्या आया त्याच रस्त्याने गेलेल्या.

आता पालकांच्या शंकेबद्दल, कारण ती खरी आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकाने स्पष्ट विचारलं, "मॅडम, फुकटचं आहे म्हणून आमच्या पोरांना देता का? पुढं एमएससीआयटीला विंडोजच लागतंय." मला पटकन उत्तर आलं नाही. एमएससीआयटीत विंडोज शिकवतात हे खरंच आहे. आणि मी न विचारता, सुट्टीत, एकटीने पाचही मशीन बदलली होती, हेही खरं. लोकवर्गणीसारखे आलेले संगणक ते, माझ्या मालकीचे नाहीत. मी समितीपुढे ते कबूल केलं. पुढे गावातल्याच एका मुलाने विंडोजचा परवाना असलेला त्याचा जुना लॅपटॉप शाळेला दिला. सातवी-आठवीची मुलं त्यावर वर्ड, एक्सेल करतात. गोष्टी करायच्या असल्या की ती लिनक्सकडे येतात, कारण ते लवकर चालू होतं. त्यांना दोन्हीचा बाऊ वाटत नाही. बाऊ आपल्याला वाटतो.

एक तक्रार मात्र माझी लिनक्सबद्दल आहेच. शाळेची जुनी पत्रं, जुने निकाल कृतिदेव आणि तसल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. तो फॉन्ट नसेल तर लिनक्सवर उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भाजी दिसते. तसा हा लिनक्सचा दोष नाही, आपणच युनिकोड वापरलं नाही त्याचा आहे. पण मुख्याध्यापकांना मार्चमध्ये हे समजावून बघा! स्क्रॅचमधलं मराठी मात्र युनिकोडच, जोडाक्षरं नीट येतात. मुलं इनस्क्रिप्टने टाइप करतात, माझ्यापेक्षा जलद.

तुम्ही करणार असाल तर माझं ऐका, एकच मशीन आधी बदला. मुलांची एकेक फाइल त्यावर उघडून बघा, आवाजासकट, आणि मुलालाच उघडायला सांगा. त्याला काय हरवलंय ते आपल्याला दिसत नाही. टर्बोवार्पमध्ये त्याचे स्वतःचे काही जादा ठोकळे आहेत. ते वापरले तर ती फाइल साध्या स्क्रॅचमध्ये नीट चालणार नाही, म्हणून स्पर्धेला वगैरे पाठवायचं काम असेल तर ते टाळा. आमच्या केंद्रात तीन शाळांनी आता हे केलंय. मी एका पेनड्राइव्हवर .डेब फाइल, ते दोन बारीक तुकडे आणि मराठीत लिहिलेलं एक पान अशी पुडी बांधून दिली आहे. चौथ्या शाळेत ती चालली नाही, त्यांचं लिनक्स वेगळं निघालं. त्या सरांसोबत पुढच्या शनिवारी बसणार आहे. चहाच्या वेळी प्रश्न विचारणारे सर ते हेच.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात टोळी परत आली. मुलीची आई दुसऱ्याच दिवशी शाळेत आली, हातांना उसाच्या पाचटाचे ओरखडे तसेच. खुर्चीवर बसायला तयार नव्हती, बसवलं. झेंडा दाबला. पहिल्या थांब्याला स्वतःचा आवाज ऐकून म्हणाली, "असा हाय व्हय माझा आवाज?" आणि पदर तोंडाला लावून हसली. करमाळ्याच्या पावसाला गप्प झाली. पंढरपूर आलं, ट्रॅक्टर थांबला, आणि ती पडद्याकडे बोट करून लेकीला म्हणाली, "अगं, ट्रॉली रिकामी कशी? आपलं सामान कुठंय? भांडी, पत्र्याची पेटी, शेरडू?"

मुलीने 'पोशाख'चा भाग उघडला आणि ट्रॉलीत शेळी काढायला घेतली. आई शेजारी बसून सांगत होती, शिंगं एवढी मोठी नाहीत तिची.